दहा द्राख्मा की जहाजं? अथेन्स आणि त्याचे कारभारी

पाणवठा

बरेच दिवस मनात असलेला विषय आज लिहायला घेतला. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

इ.स.पू. ४८३ च्या सुमारास अथेन्सच्या आग्नेयेला, लॉरियनच्या खाणीत चांदीची नवी शीर लागली. खाणी नगराच्या मालकीच्या, त्यामुळे तिजोरीत एकदम पैसा आला. असा वरकड पैसा आला की नागरिकांत वाटून टाकायचा, असाच विचार तेव्हा चालायचा. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने आकडाही दिलाय, माणशी दहा द्राख्मा. एक द्राख्मा म्हणजे साधारण ४.३ ग्रॅम चांदी, म्हणजे दहाची झाली पावणेचार तोळ्यांच्या आसपास. डोंगरउतारावर दोन घास जव पिकवणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नव्हती. आणि ती कुणी दान म्हणून देत नव्हतं, त्याच्या हक्काची होती.

अशा वेळी सभेत थेमिस्टोक्लीस उभा राहिला आणि म्हणाला, हा पैसा वाटू नका, यातून जहाजं बांधा.

पर्शियन परत येणार हे त्याला दिसत होतं. मॅरेथॉनची लढाई होऊन सात वर्षं झाली होती, लोकांना वाटत होतं संकट टळलं. पण त्याने सभेत पर्शियाचं नाव पुढे केलं नाही. एजिना बेटाशी अथेन्सचं जुनं भांडण होतं, आणि ते बेट किनाऱ्यावरून उघड्या डोळ्यांनी दिसतं. बऱ्याच नंतरचा चरित्रकार प्लुटार्क म्हणतो की त्याने लोकांचा एजिनावरचा राग कामाला लावला. लोकांनी हात वर केले, हातात येणारे दहा द्राख्मा सोडले. हेरोडोटस २०० जहाजं म्हणतो, ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेत १०० म्हटलंय. आकडा कुठलाही धरा, तीन वर्षांत अथेन्स ग्रीसमधलं सगळ्यात मोठं आरमार झालं.

इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियाचा राजा झर्क्सिस चाल करून आला. अथेन्सच्या लोकांनी नगर रिकामं केलं. बायकामुलांना समुद्रापलीकडे ट्रॉयझेनला पाठवलं. ट्रॉयझेनच्या लोकांनी ठराव केला की या कुटुंबांना रोज दोन ओबोल (सहा ओबोलचा एक द्राख्मा) द्यायचे, पोरांनी कुठल्याही झाडाची फळं तोडली तरी चालतील, आणि मुलांना शिकवायला मास्तर ठेवून त्यांचा पगारही ट्रॉयझेनने द्यायचा. हा फळांचा ठराव मला फार जवळचा वाटतो. घर सोडून आलेल्या पोराला कुणी झाडावरून हाकलणार नाही, एवढी काळजी एका परक्या गावाने घेतली होती.

पुरुष सॅलमिस बेटावर गेले. झँथिपस नावाच्या एका अथेन्सकराचा कुत्रा मालकाच्या जहाजाबरोबर पोहत सॅलमिसपर्यंत आला आणि किनाऱ्याला लागून मेला, अशी आठवण प्लुटार्कने जपून ठेवलीय. (हा झँथिपस म्हणजे पेरिक्लीसचा बाप.) मागे ॲक्रोपोलिस, नगराची देवळांची टेकडी, जळत होती. पुढे अरुंद खाडीत लढाई झाली, हेरोडोटसच्या मोजणीत ग्रीकांची ३७८ जहाजं आणि त्यातली १८० एकट्या अथेन्सची. तीच चांदी. ती वाटून खाल्ली असती तर पार्थेनॉन, सोफोक्लीस, सॉक्रेटिस यातलं काय शिल्लक राहिलं असतं, मला कल्पनाही करवत नाही.

आणि मग सुमारे दहा वर्षांत, इ.स.पू. ४७१ च्या आसपास, त्याच नगराने थेमिस्टोक्लीसला मतदानात खापरीवर नाव लिहून दहा वर्षांसाठी हाकललं.

मला जे म्हणायचंय ते एवढंच, की अथेन्सचं नशीब दर वेळी एका जागी ठरलं. हातात येणारी गोष्ट थोडी लांबवायला लोकांना कुणी तयार करू शकतं का, आणि लोक त्याचं ऐकतात का, यावर. कारभारी हुशार असणं पुरेसं नव्हतं. ऐकणारी सभाही लागायची. तुम्हा सगळ्यांचं मत वाचायला आवडेल.

---

ओसरी

फार सुंदर लिहिलंय. एक भर घालते.

दोन वर्षांपूर्वी मुलीबरोबर अथेन्सला गेले होते. अगोराच्या, म्हणजे जुन्या बाजारचौकाच्या, संग्रहालयात त्या खापऱ्या काचेमागे मांडलेल्या आहेत. फुटक्या प्याल्याचा तळ असतो ना, गोल, तळहातात मावणारा, तसे तुकडे. त्यावर टोकदार काहीतरी घेऊन ओरखडलंय, थेमिस्थोक्लीस निओक्लिओस, म्हणजे निओक्लीसचा मुलगा थेमिस्टोक्लीस. हो, त्यांच्या लिहिण्यात 'थो' आहे. अक्षरं बघितली की समोर माणूस उभा राहतो. काही अक्षरं खोल, काही घाईत वाकडी गेलेली.

आता महत्त्वाचं. १९३७ साली ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावर एका विहिरीत १९० खापऱ्या सापडल्या. सगळ्यांवर थेमिस्टोक्लीसचंच नाव. अभ्यासकांनी हस्ताक्षरं ताडून पाहिली तर लिहिणारे हात अवघे चौदाच्या आसपास. म्हणजे कुणीतरी बसून आधीच खापऱ्या तयार करून ठेवल्या होत्या, मतदानाला येणाऱ्याच्या हातात द्यायला. वाटल्या गेल्या नाहीत म्हणून विहिरीत गेल्या असाव्यात.

तेव्हा 'नगराने हाकललं' म्हणताना मला ते चौदा हात आठवतात. लोकांचा राग होता, पण त्या रागाला वळण देणारेही होते.

---

तिसरा_प्रहर

थेमिस्टोक्लीसला इतकं उचलून धरणं पटलं नाही. माणूस पैसेखाऊ होता असं त्याच्याच काळातले लोक म्हणायचे. जहाजांच्या ठरावाच्या वेळचीच गोष्ट बघा. ॲरिस्टायडीस, ज्याला अथेन्स 'न्यायी' म्हणायचं, त्याला इ.स.पू. ४८२ मध्ये, म्हणजे आरमार बांधायला सुरुवात झाली त्याच सुमाराला, खापऱ्यांनी बाहेर काढलं. दोघांचं हाडवैर होतं. वाट मोकळी कुणाची झाली ते सांगायला नको.

त्या मतदानाची प्लुटार्कने सांगितलेली गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. एका खेडुताला लिहिता येत नव्हतं. शेजारी उभा असलेला माणूस कोण हे न ओळखता त्याने खापरी पुढे केली, यावर ॲरिस्टायडीस लिही म्हणाला. त्याने तुझं काय वाईट केलं असं विचारल्यावर म्हणाला, काही नाही, मी त्याला ओळखतही नाही, पण जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो ते ऐकून कंटाळलो. ॲरिस्टायडीसने काही न बोलता स्वतःचं नाव लिहून खापरी परत दिली.

---

पाणवठा

@तिसरा_प्रहर, दोघांचं वैर खरं. पैशाचा आरोपही खरा असेल, मी त्याची वकिली करत नाही. पण पुढचं पान उलटा. दोन वर्षांत पर्शियन दारात आले तेव्हा अथेन्सने हद्दपार माणसांना परत बोलावलं. ॲरिस्टायडीस परत आला आणि हेरोडोटस सांगतो की सॅलमिसच्या आदल्या रात्री तोच शत्रूच्या वेढ्यातून जहाज काढून थेमिस्टोक्लीसकडे आला, आपण घेरले गेलोय ही खबर घेऊन. आपलं भांडण पुढेही चालू ठेवू, पण आज नगराचं भलं कोण जास्त करतो यावर भांडू, असा त्याच्या बोलण्याचा सूर. ज्याने हाकललं त्याच्याच दारात रात्री जाऊन उभं राहणं सोपं नसतं.

पुढे इ.स.पू. ४७८ मध्ये पर्शियाविरुद्ध ग्रीक नगरांचा डेलॉसचा संघ झाला तेव्हा कुठल्या नगराने किती वर्गणी द्यायची हे ठरवायचं काम याच ॲरिस्टायडीसला दिलं. बेरीज ४६० टॅलंट (एक टॅलंट म्हणजे सहा हजार द्राख्मा). सगळ्यांनी त्याचा शब्द मानला.

@ओसरी, चौदा हातांची आठवण फार मोलाची. खापऱ्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. ही शिक्षा नव्हती. माणसाची जमीन, घर, उत्पन्न त्याचंच राहायचं, दहा वर्षांनी परत यायचं आणि मान तोच. वर्षातून एकदाच, आणि मतं किमान सहा हजार पडायला हवीत. एक माणूस फार मोठा झाला, जुलमी राजा होईल की काय, ही भीती त्यांना पायसिस्ट्राटस आणि त्याच्या मुलांच्या राजवटीपासून होती. तिच्यावर त्यांनी रक्त न सांडता शोधलेला हा उपाय होता.

---

दर्यावर्दी

मी मालवणकडचा, घरात वल्हं आणि जाळं बघत मोठा झालो, म्हणून या धाग्यावर लिहितोय. सगळे कारभाऱ्यांबद्दल बोलतायत. जहाज चालवलं कुणी?

ट्रायरीम म्हणजे तेव्हाचं लढाऊ जहाज, त्यात १७० वल्हेकरी. तीन थरांत बसायचे, वरच्या थरात ६२, मधल्या आणि खालच्या थरात ५४-५४. खालच्या थरातल्या माणसाला समुद्र दिसत नाही, वरच्याचा घाम अंगावर. प्रत्येकाचं एक वल्हं. अथेन्स-स्पार्टा युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या थ्युसिडिडीसने एका ठिकाणी लिहिलंय की रातोरात दुसऱ्या बंदरावर जाऊन जहाजं काढायची होती तेव्हा प्रत्येक जण आपलं वल्हं, बसायची गादी आणि वल्हं बांधायची वादी खांद्यावर घेऊन जमिनीवरून चालत गेला. ही तिकडच्या, पेलोपोनेसच्या खलाशांची गोष्ट, पण सामान सगळीकडे तेच. गादी ही चैन नाही हो. दिवसभर वल्हं मारलेल्या माणसाला विचारा, कातडी कुठे सोलते.

१९८७ मध्ये ग्रीसमध्ये ऑलिंपियास नावाची ट्रायरीम पुन्हा बांधून समुद्रात उतरवली. तेव्हा पहिली अडचण आली ती एवढ्या माणसांचा ठोका एक करायची. एकाची लय चुकली की वल्ह्यावर वल्हं आपटतं. हे ठोका धरणं लहानपणापासूनच्या सवयीने येतं. अथेन्सकडे ती सवय असलेली हजारो माणसं होती. बहुतेक भूमिहीन, जुना कायदेकर्ता सोलोन याने पाडलेल्या चार वर्गांतल्या सगळ्यात खालच्या थेटेस वर्गातली. घोडा नाही, चिलखत नाही, म्हणून जमिनीवरच्या लढाईत त्यांना कुणी मोजत नव्हतं. जहाजावर त्यांच्याशिवाय पान हलत नव्हतं. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या एका लोकशाहीविरोधी लेखकाने नाखुशीने का होईना हेच मान्य केलंय, की नगराला ताकद देतात ते जहाजं हाकणारे, म्हणून त्यांना जास्त हक्क मिळणं रास्तच.

आता खरी गोष्ट सांगतो. इ.स.पू. ४२७. लेस्बॉस बेटावरच्या मायटिलिनीने अथेन्सविरुद्ध बंड केलं आणि ते मोडलं. अथेन्सच्या सभेने रागाच्या भरात ठरवलं, सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार करायचं, बायकामुलांना गुलाम म्हणून विकायचं. निरोप घेऊन जहाज निघालं. दुसऱ्या दिवशी लोकांचं मन खायला लागलं. पुन्हा सभा बोलावली. क्लिऑन म्हणाला, ठराव बदलायचा नाही. डायोडोटस उभा राहिला. त्याने दयेचा सूरही लावला नाही, नुसतं नफ्यातोट्याचं बोलला, सगळ्यांना मारलंत तर पुढचं बंड करणारं नगर शेवटच्या माणसापर्यंत लढेल. हात वर झाले, जेमतेम फरकाने डायोडोटस जिंकला.

पहिलं जहाज एक दिवस-रात्र पुढे गेलेलं. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्या जहाजावर मायटिलिनीच्या वकिलांनी दारू आणि जवाचं पीठ भरलं आणि वेळेत पोचलात तर मोठं बक्षीस देऊ म्हणून सांगितलं. ते वल्हेकरी वल्हं न सोडता खात होते, दारू आणि तेलात कालवलेलं पीठ. सातूचं पीठ कालवून खाल्लंय त्याला कळेल, एका हाताने गोळा तोंडात आणि कामाला खंड नाही. पाळीपाळीने झोपायचे, बाकीचे वल्हवत राहायचे. नेहमी जहाज रात्री किनाऱ्याला लावतात, यांनी लावलं नाही. नशिबाने वारा उलटा नव्हता. आणि पहिलं जहाज सावकाश चाललं होतं, कारण असल्या कामाला कुणाचे हात उचलत नव्हते.

सेनापती पाकेसने ठराव वाचला होता, अंमल करायच्या बेतात होता, तेवढ्यात दुसरं जहाज धक्क्याला लागलं.

तरी बंडाचे पुढारी म्हणून हजारावर माणसं मारलीच, हेही थ्युसिडिडीसच लिहितो. पण नगर वाचलं. त्यातल्या एकाही वल्हेकऱ्याचं नाव आपल्याला माहीत नाही.

---

उंबरठा

दर्यावर्दी, वाचताना अंगावर काटा आला.

एक साधा प्रश्न. पेरिक्लीस राजा होता का? शाळेत 'पेरिक्लीसचं सुवर्णयुग' एवढंच शिकलो.

---

पाणवठा

राजा नव्हता. दहा सेनापती दर वर्षी निवडून यायचे, त्यातला तो एक. प्लुटार्क म्हणतो की इ.स.पू. ४४३ नंतर सलग पंधरा वर्षं तो निवडून येत राहिला. दर वर्षी हिशोब द्यावा लागायचा, आणि सभा त्याला मध्येच पदावरून काढू शकायची. काढलंही.

---

कडुलिंब

त्या काढण्याबद्दल मी लिहितो. माझा पेशा डॉक्टरकीचा, त्यामुळे थ्युसिडिडीसचं साथीचं वर्णन मी कितीदा वाचलंय याची गणती नाही.

इ.स.पू. ४३१ मध्ये स्पार्टाशी युद्ध पेटलं. पेरिक्लीसचा बेत सरळ होता. जमिनीवर स्पार्टाशी भिडायचं नाही. खेड्यापाड्यातल्या लोकांनी शेती सोडून तटाच्या आत यायचं, शत्रू शिवारं जाळेल ती जाळू द्यायची, धान्य समुद्रातून येतंय, आरमार आपलं आहे. अथेन्सपासून पिरिअस बंदरापर्यंत दोन्ही बाजूंनी लांब तट बांधलेले होते, त्यामुळे नगराची नाळ समुद्राशी जोडलेली. पाणवठा म्हणतात तसं, हातातलं सोडून द्यायला लोकांना तयार करणंच हे. लोकांनी घरांची लाकडी दारं-चौकटीसुद्धा काढून आणल्या, गुरं-मेंढरं शेजारच्या बेटांवर पाठवली.

हिशोब चोख होता, एक गोष्ट सोडून. माणसं राहणार कुठे? देवळांच्या आवारात, बुरुजांत, लांब तटांच्या मधल्या पट्ट्यात, ऐन उन्हाळ्यात कोंदट झोपड्यांत. आणि ४३० मध्ये पिरिअसमधून साथ आत आली. थ्युसिडिडीसला स्वतःला ती झाली होती, म्हणून त्याचं वर्णन इतकं नेमकं आहे. डोक्यात आग, डोळे लाल, घसा आणि जीभ रक्ताळलेली, अंगाला कपडा सहन होत नाही, न शमणारी तहान, लोक पाण्याच्या टाक्यांत उड्या टाकतायत. वैद्य सगळ्यात आधी मरत होते, कारण तेच रोग्यांजवळ जास्त जायचे. आणि जे बरे झाले त्यांना पुन्हा जीवघेणी होत नाही, म्हणून तेच शुश्रूषा करायचे. ही नोंद चोवीसशे वर्षांपूर्वीची आहे! रोग कुठला होता यावर आजही एकमत नाही. पोटिडियाच्या वेढ्यावर पाठवलेल्या ४००० सैनिकांपैकी १०५० चाळीस दिवसांत गेले, हा मात्र थ्युसिडिडीसचा स्पष्ट आकडा आहे.

१९९० च्या दशकात अथेन्समध्ये मेट्रोचं खोदकाम चालू असताना केरामेइकोस या जुन्या दफनभूमीजवळ एक सामूहिक दफन सापडलं, माणसं घाईने एकावर एक टाकलेली. त्यातल्या सुमारे अकरा वर्षांच्या एका मुलीच्या कवटीवरून तिचा चेहरा घडवला गेला. तिला मिर्टिस हे नाव दिलंय. तो चेहरा बघितल्यापासून मी 'साथीत एवढे गेले' हे वाक्य सहज बोलू शकत नाही.

लोक पेरिक्लीसवर उलटले. पदावरून काढलं, दंड केला. थोड्याच काळात पुन्हा निवडून दिलं, दुसरं कुणी सापडेना म्हणून. तोवर त्याची झँथिपस आणि पॅरलस ही दोन्ही मुलं साथीत गेली होती. धाकट्याच्या डोक्यावर फुलांची माळ ठेवताना हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर हमसून रडला, असं प्लुटार्क सांगतो. ४२९ मध्ये तोही गेला.

---

ओसरी

कडुलिंब, त्याच घरातली पुढची गोष्ट सांगायलाच हवी, कारण मला तीच सगळ्यात जास्त छळते.

इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लीसनेच कायदा आणला होता, आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. पुढे त्याचं आयुष्य जुळलं आस्पेशियाशी, जी मिलेटसची. त्यांना मुलगा झाला, त्याचंही नाव पेरिक्लीस. बापाच्याच कायद्याने तो नागरिक नाही. दोन मुलं साथीत गेल्यावर म्हाताऱ्या पेरिक्लीसने सभेकडे पदर पसरला, घराचं नाव बुडू नये म्हणून या मुलाला नागरिक करा. ज्या लोकांनी दंड केला होता त्यांनीच दया दाखवली आणि त्याला नागरिक करून घेतलं.

तोच मुलगा मोठा होऊन सेनापती झाला. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसाईची आरमारी लढाई अथेन्सने जिंकली, गुलामांनासुद्धा स्वातंत्र्याचं वचन देऊन वल्ह्यांवर बसवून. पण वादळामुळे बुडणाऱ्या जहाजांवरची आपली माणसं उचलता आली नाहीत. सभा खवळली. आठ सेनापतींना एकाच मतदानात, वेगवेगळा खटला न चालवता, मरणाची शिक्षा दिली. सहा जण हाताशी होते, त्यांना मारलं. त्यात हा पेरिक्लीस. त्या दिवशी सभेचं काम चालवणाऱ्या मंडळात सॉक्रेटिस होता आणि हे बेकायदा आहे म्हणून तो शेवटपर्यंत अडून राहिला, एवढंच.

आणि त्या काळचा इतिहासकार झेनोफोन लिहितो, लवकरच लोकांना पश्चात्ताप झाला आणि त्यांना फसवणाऱ्यांवरच खटले भरायचा ठराव झाला. मायटिलिनीच्या वेळी पश्चात्ताप दुसऱ्या दिवशी झाला आणि मागून जहाज पाठवता आलं. या वेळी मागून पाठवायला काही नव्हतं.

---

माळरान

तुम्ही सगळे अथेन्सच्या आतून बोलताय. मी जरा बाहेरून बोलतो, राग मानू नका.

पहिल्या पोस्टमधली चांदी. ती लॉरियनच्या खाणीतून काढली कुणी? गुलामांनी. अरुंद बोगद्यांत दिव्याच्या उजेडात, कित्येक ठिकाणी आडवं पडून खणत. निकियास, जो पुढे सिसिलीच्या मोहिमेचा सेनापती झाला, त्याचे एक हजार गुलाम खाणीत भाड्याने दिलेले होते, डोकं एक ओबोल रोज. हे झेनोफोनने लिहून ठेवलंय. संघाची वर्गणी, जी ॲरिस्टायडीसने न्यायाने ठरवली म्हणता, तिचा खजिना ४५४ मध्ये डेलॉसवरून अथेन्सला आला. साठावा हिस्सा देवी अथेनाला, आणि त्याचे हिशोब दगडावर कोरलेले. पार्थेनॉनचं काम ४४७ ला सुरू झालं. त्याच सभेत विरोधक म्हणत होते की मित्रनगरांनी युद्धासाठी दिलेल्या पैशाने आपण आपलं नगर नटवतोय.

मेलॉस बेटाचं म्हणणं इतकंच होतं की आम्हाला कुणाच्याच बाजूने लढायचं नाही. इ.स.पू. ४१६ च्या हिवाळ्यात अथेन्सने तिथल्या हाती लागलेल्या प्रौढ पुरुषांना मारलं, बायकामुलं विकली. तेव्हा कुणी डायोडोटस उभा राहिल्याची नोंद नाही.

आणि स्पार्टाने ४१३ मध्ये डेकेलियाला ठाणं दिलं तेव्हा वीस हजारांवर गुलाम अथेन्स सोडून पळाले, त्यातले बरेचसे कारागीर. त्यांनी पायाने मत दिलं. खापरीवर लिहायचा हक्क त्यांना नव्हताच.

---

पाणवठा

माळरान, राग कसला. तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि पहिल्या पोस्टमध्येच हे यायला हवं होतं. 'लोकांनी दहा द्राख्मा सोडले' असं मी लिहिलं, पण ज्यांनी ती चांदी खणली त्यांना सोडायलाही काही नव्हतं.

एका गोष्टीत मात्र तुमच्याच पुराव्यातून माझं म्हणणं निघतं. निकियास. सिसिलीवर जाऊ नका हे त्याला मनापासून वाटत होतं. ४१५ मध्ये त्याने सभेत तसं सांगितलंही. मोहिमेसाठी लोकांना चेतवणाऱ्या अल्किबियाडीसपुढे आपलं चालेना, तेव्हा त्याने डाव टाकला, जायचंच तर प्रचंड सैन्य लागेल, प्रचंड खर्च, असं सांगून लोकांना घाबरवायचं. लोक घाबरले नाहीत, उलट जे मागितलं ते सगळं देऊन मोकळे झाले. जे सरळ सांगायचं ते त्याने आडवळणाने सांगितलं आणि छोटी मोहीम मोठी करून ठेवली. शेवटी माघारीची वेळ आली तेव्हा चंद्रग्रहण झालं, २७ ऑगस्ट ४१३ ची रात्र, आणि ज्योतिष्यांचं ऐकून निकियासने सत्तावीस दिवस हलायचं नाही असं ठरवलं. तेवढ्यात सुटकेची वाट बंद झाली. सात हजारांवर कैदी सिसिलीतल्या सिरॅक्यूज नगराच्या दगडखाणीत गेले. आठ महिने, दिवसाला दोन वाट्या धान्य आणि एक वाटी पाणी. लॉरियनमध्ये हजार माणसं भाड्याने देणाऱ्याची फौज खाणीत संपली.

---

तिसरा_प्रहर

शेवटाची रात्र कुणीतरी लिहा, नाहीतर मीच लिहितो.

इ.स.पू. ४०५, इगोस्पोटामी. अथेन्सचं आरमार किनाऱ्यावर उघड्यावर उभं होतं आणि खलाशी जेवणखाण आणायला दूर पांगलेले. हद्दपार अल्किबियाडीस जवळच राहत होता. तो घोड्यावर येऊन सेनापतींना म्हणाला, इथे थांबू नका, बंदर आणि गाव असेल तिथे जा. त्यांनी त्याला, आता सेनापती आम्ही आहोत, असं म्हणून परत लावलं. स्पार्टाचा सेनापती लिसँडरने जवळजवळ सगळी जहाजं किनाऱ्यावरच धरली.

बातमी घेऊन पॅरलस हे जहाज रात्री पिरिअसला लागलं. झेनोफोन लिहितो की आक्रोश पिरिअसपासून लांब तटांमधून नगरापर्यंत गेला, एक माणूस दुसऱ्याला सांगत, आणि त्या रात्री कुणी झोपलं नाही. गेलेल्यांसाठी रडत होतेच, पण मेलॉसचं आपण जे केलं तेच आता आपलं होणार, हे प्रत्येकाला आठवत होतं.

माळरान, तुम्ही म्हणता ते त्यांनाही ठाऊक होतं, इतकंच.

तसं झालं नाही. कॉरिंथ आणि थीब्ज म्हणाले नगर पुसून टाका. स्पार्टाने नकार दिला, पर्शियाच्या संकटात ज्यांनी ग्रीसची एवढी सेवा केली त्या नगराला गुलाम करणार नाही म्हणून. सॅलमिसची पुण्याई पंच्याहत्तर वर्षांनी कामी आली. बारा जहाजं ठेवू दिली आणि लांब तट बासरीच्या तालावर पाडले.

---

उंबरठा

आणि मग संपलं?

---

कडुलिंब

नाही. तीस जणांची जुलमी राजवट आली, सुमारे पंधराशे माणसं मारली. थ्रॅसिब्युलस सत्तरएक सोबत्यांना घेऊन डोंगरातल्या फिली किल्ल्यावरून लढायला लागला आणि ४०३ मध्ये लोकशाही परत आली. तेव्हा सगळ्यांनी शपथ घेतली की झालेल्या वाइटाची आठवण काढून कुणावर खटला भरायचा नाही, तीस जुलमी आणि त्यांचे मोजके हस्तक सोडून. घरोघरी मारेकरी आणि मेलेल्यांचे भाऊ एकाच गल्लीत राहत असताना ही शपथ बहुतांशी पाळली गेली. माझ्या मते या नगराने केलेली ही सगळ्यात अवघड गोष्ट, सॅलमिसपेक्षाही. तिला पेरिक्लीससारखा झगमगता नेता नव्हता, म्हणून ती फारशी सांगितली जात नाही.

तटही दहाएक वर्षांत अथेन्सचा सेनापती कोनॉनने पुन्हा उभे केले, तेही पर्शियाच्या पैशातून.

---

पाणवठा

तटावरून आठवलं. सॅलमिसनंतर नगराचा तट पुन्हा बांधायचा होता आणि स्पार्टाचा विरोध होता. थेमिस्टोक्लीस स्वतः स्पार्टाला जाऊन बोलणी लांबवत बसला, आणि इकडे बायका, मुलं, म्हातारी सगळी मिळून हाताला लागेल तो दगड तटात घालत होती. थडग्यांवरचे कोरीव दगडसुद्धा. थ्युसिडिडीसने लिहिलंय की घाई अजून दिसते, आणि ती आजही दिसते. त्याच तटातून १९२२ मध्ये एका पुतळ्याचा चौथरा निघाला, तो आता अथेन्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तू संग्रहालयात आहे. त्याच्या एका बाजूवर चार तरुण आहेत आणि एक कुत्रा आणि एक मांजर समोरासमोर झुंजायला सोडलेत. कुणाच्या तरी मुलाच्या थडग्यावरचं काम असावं. आईबापांच्या डोळ्यांदेखत ते तटात गेलं असेल.

थेमिस्टोक्लीसचं पुढे काय झालं ते राहिलं. हद्दपारीत असताना त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप आला, ग्रीसमध्ये लपायला जागा उरली नाही, आणि तो झर्क्सिसच्याच मुलाच्या, आर्टाझर्क्सिसच्या आश्रयाला गेला. राजाने त्याला तीन नगरं दिली, मॅग्नेशिया भाकरीसाठी, लँपसाकस दारूसाठी आणि मायस कोरड्यासासाठी. मॅग्नेशियात त्याने स्वतःच्या नावाची नाणी पाडली, ती सापडलीत. चांदीचीच.

तो तिथेच वारला. देशद्रोह्याला अटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या मुलखाच्या, मातीत पुरायला बंदी होती. पण त्याचे नातेवाईक सांगायचे की त्याच्याच इच्छेप्रमाणे आम्ही त्याच्या अस्थी गुपचूप घरी आणल्या आणि अथेन्सकरांना न कळू देता अटिकात पुरल्या. पुढे लोक पिरिअसच्या बंदराच्या तोंडाशी, पाणी संथ असतं तिथला एक चौथरा त्याचं थडगं म्हणून दाखवायचे. आत येणारं आणि बाहेर जाणारं प्रत्येक जहाज त्याच्या समोरून जायचं.